ग्रिलचा ताबा

प्रणित, सोमवारपासून ग्रिल तुझं.
कपड्यांची दोरी तेवढी आईची.
उरलेलं सगळं, साडेचार फूट लांब,
हात पोचेल तितकं रुंद,
घणसोलीच्या तिसऱ्या मजल्यावर
सकाळी नऊ ते सव्वाअकरा एवढंच ऊन.
मग समोरची बिल्डिंग ते घेऊन जाते.

पेरलेलं बी उकरून बघायचं नाही.
तू बघणारच, माहितीये.
मी शाळेतून आले की दप्तर पाठीवरच,
बोटानं माती बाजूला करायचे.
धणे तसेच, डोळे मिटून.
मी परत झाकायचे.
कुणाचं तरी पांघरूण चुकून ओढल्यासारखं वाटायचं.
दहा-बारा दिवसांनी कळलं,
धणे अख्खे पेरत नाहीत,
आधी रगडून त्यांच्या दोन फाका करतात.
लाटणं वापर. आईला सांगू नकोस.

मिरचीचं रोप मी मारलं.
घरात सगळ्यांना वाटतं ते उन्हानं गेलं.
मी त्याला उठल्यावर पाणी घालायचे,
क्लासला जाताना घालायचे,
गणितात नापास झाले त्या दिवशी तर
तांब्यावर तांब्या.
ओढून बघितलं तर अलगद हातात आलं,
हलणाऱ्या दुधाच्या दातासारखं.
खाली मुळं नव्हतीच, नुसता काळा चिखल.
तर आधी बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत.
ओल लागली तर मागे फिर.
तहान त्याची असते, आपली नाही.

माती मी आधी मागच्या प्लॉटवरून आणली होती.
निम्मा राडारोडा: टाइलचे तुकडे, सिमेंटची ढेकळं,
तीन पायांचा एक प्लास्टिकचा घोडा.
उरलेला खाडीचा भराव.
वाळला की वर पांढरी साय धरायचा.
जिभेला लावून पाहिली, खारट.
तिच्यात काही म्हणजे काही आलं नाही.
घोडा अजून पुदिन्यात उभा आहे. राहू दे.

मग गावठाणात गेले, हिराजी मढवींकडे,
गोठ्यामागच्या ढिगाचे किती घेणार विचारायला.
"मातीचं कसलं पैसं गो?" म्हणाले.
"तुमची बिल्डिंग हाय ना, तथं आमची भातं व्हती."
एवढंच. आणि भरलेलं घमेलं
उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं.
मान तीन दिवस दुखत होती.

पाणी टपकलं की खालच्या तोडणकरकाकू
"वरच्यांनोऽऽ, पापड!" असं ओरडतील.
पुदिन्याच्या चार काड्या नेऊन दे,
महिना शांततेत जातो.
पानाखाली कापूस चिकटल्यासारखं दिसलं
तर ते पिठ्या ढेकूण. जुना टूथब्रश,
साबणाचं पातळ पाणी, आणि चिडायचं नाही.
मोबाइलवर चाळीस दिवसांत टोपली भरून दाखवतात,
आपल्या ग्रिलला तो व्हिडिओ कुणी दाखवलेला नाही.

कोपऱ्यातली गोण बटाट्यांची आहे.
बाबांनी मार्केटातून आणली, उसवलेली.
कोंब आलेले बटाटेही त्यांनीच खिशातून काढले,
काही न बोलता.
तीस वर्षं त्यांनी गोणी पाठीवर वाहिल्या,
या एकीपाशी मात्र ते उकिडवे बसतात.
रात्रपाळीहून आले की टॉर्च मारून
एकेक पान उलटून बघतात,
आपण झोपलोय असं समजून.
तूही झोपलेलाच राहा.

शेवटचं. ड्रेनेजच्या पाइपाकडे वळून बघ,
तिथे एक टोमॅटो धरलाय.
गोटीएवढा, हिरवा. कुणाला सांगितलं नाहीये.
कुंडी फिरवून त्याला नवाच्या उन्हात आण,
पण सावकाश, देठ नाजूक आहे.
मी दिवाळीला येईन,
तोवर तो लाल होऊन मऊ पडायला लागेल.
माझ्यासाठी ठेवू नकोस.
मीठ लावून खा, ग्रिलपाशीच उभा राहून,
रस कोपरापर्यंत येऊ दे.
बिया मात्र
सगळ्या गिळू नकोस.