इतिवृत्त

"आजची सभा सायंकाळी सात वाजता
यासीनभाईंच्या पिठाच्या गिरणीत भरली."
भरली म्हणजे पाचजण आलो.
गिरणी बंद केल्यावरही दहा मिनिटं
कुणाला कुणाचं ऐकू येईना,
कान अजून पट्ट्याबरोबर फिरत होते.

घटनेप्रमाणे गणपूर्तीला सात लागतात.
रामहरीतात्या जाऊन दोन पावसाळे झाले,
सुमन लग्न करून म्हसवडला गेली.
तरी खुर्च्या सातच मांडतो आम्ही.
एकीवर शिक्का नि शाईचं पॅड,
एकीवर तात्यांची काठी.

विषय एक : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं. कायम केलं.
आमच्या माण तालुक्यात
कायम होतं असं तेवढंच.

विषय दोन : जमाखर्च.
बँकेत बाराशे चाळीस, ऑडिटरची फी तीन हजार.
बाजीराव घार्गे, एसटीतले निवृत्त कंडक्टर,
सुटे पैसे मोजावेत तशी रोपं मोजतात :
लावली नऊशे, जगली दोनशे अकरा.
"बाकीची शेळ्या घेऊन उतरल्या, विनातिकीट,"
म्हणतात, नि एकटेच हसतात.

विषय तीन : जाळरेषा.
डोंगराच्या कमरेला वीस फूट रुंद,
घायपातापासून खिंडीपर्यंत,
दिवाळीनंतरचे चार रविवार
काडी न् काडी उचलून

एवढं लिहिलं, तोवर दारात पोरगं :
"बाई, वणवा! मुऱ्हावर!"
तहकूब लिहायलाही वेळ नव्हता.
उघड्या पेनाची शाई त्या पानावर अजून आहे.

ओढ्यातली ओली निरगुडी मोडून वर पळालो.
"हाणू नका," यासीनभाई ओरडत होते,
"हाणलं की ठिणगी उडते. दाबा. दाबून धरा."
द्वारकानं आशा वर्करची गुलाबी साडी
गुडघ्यापर्यंत खोचली होती, नि ती
आगीला आईबहिणीवरून शिव्या घालत होती,
ज्या मी इथं नोंदवत नाही.
एक घोरपड रेषेच्या अलीकडे येऊन थांबली,
जिभेनं हवा चाचपत.
आगही आली रेषेपर्यंत.
पलीकडचं गवत बघत घुटमळली,
उधारी नाकारलेल्या गिऱ्हाइकासारखी,
आणि बसली खाली.

पूर्वेची बाजू मात्र गेली.
तात्यांचे आपटे गेले.

खिंडीत, काळ्या बुडख्याशी, बॅटरीच्या उजेडात
चुन्याची डबी.
झाकणावर खिळ्यानं कोरलेला मासा.
मासा मीच कोरला होता, तिसरीत असताना.
बाजीरावांनी बॅटरी दुसरीकडे वळवली.
उतरेपर्यंत कुणीच बोललं नाही.

"तहकूब सभा रात्री दोन वाजता
त्याच ठिकाणी पुढे सुरू झाली."
तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते.
"वणव्याचे कारण :" लिहून मी थांबले.
यासीनभाई पाळ्याचं पीठ झाडत बसले,
द्वारका पायातला काटा शोधत होती,
जो तिला सापडूच नये असं वाटत होतं.
मी लिहिलं, अज्ञात.
खोडलं.
वर लिहिलं, माहीत आहे.

घरी आप्पा जागेच होते, उंबऱ्याशी.
डबी समोर ठेवली.
"जळलं की गवत जोमानं येतं पोरी,
माझा बा करायचा, त्याचा बा करायचा."
"येतं की," मी म्हटलं, "पण पावसाबरोबर माती जाते.
मग दगडावर काय येणार?"
त्यांनी तंबाखू चोळली. चोळत राहिले.
चुना मागितला नाही, डबीही उचलली नाही.
दावणीची म्हैस उगाच उठली, परत बसली.

ठराव : येत्या रविवारी जाळरेषा नव्यानं काढणे.
विळे पाच, पाणी ज्याचं त्यानं आणणे.
सूचक घार्गे. अनुमोदक खरात.

खाली सह्या झाल्यात.
सह्यांखाली एक जागा मी मोकळी सोडली आहे.
आप्पांना सही येत नाही,
अंगठ्यापुरती.