दाद

डंडीच्या त्या खोलीत उत्साही असा एक हीटरच होता.
डॉ. मॅकाल्पिन म्हणाले, ट्रीटमेंट रेझिस्टंट,
आणि घाईने, हे नुसतं वर्गीकरण, दोष तुमचा नाही.
मी मनात मराठी करून पाहिलं. सवय आहे.
उपचारांना दाद न देणारं.

दाद!
म्हणजे पहिल्या रांगेत, सतरंजीवर,
हाताची घडी घालून बसलाय कुणी.
चार गोळ्या गाऊन गेल्या त्याच्यापुढे.
पहिलीने तोंड कोरडं केलं. माझं.
दुसरीने जाताना बारा किलो दिले, आठवण म्हणून.
तिसरी रात्रभर आलाप घेत राहिली, मी छत बघत.
चौथीचं नाव आठवत नाही,
तीच घेऊन गेली असेल, बाकीच्या नावांबरोबर.
हा हलला नाही.

त्याच्या शेजारी त्याची धाकटी बहीण.
तिला एका जागी बसवत नाही.
गॅस बंद केला का. दार. सुधन्वा फोन उचलत नाही म्हणजे.
जिन्यात पावलं, आपल्याच मजल्यावर थांबली.
हा मला अंथरुणातून उठू देत नाही,
ती अंथरुणात पडू देत नाही,
आणि दोघांचं भांडण कधी झालेलं ऐकलं नाही मी.

डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर दोन पेशी काढल्या,
मध्ये फट.
पूर्वी आम्ही सांगायचो, इथे अमुक कमी पडतं,
टाकीत तेल कमी असावं तसं.
आता तसं सांगवत नाही.
पेन फटीवर रेंगाळलं, एक निळा ठिपका वाढत गेला.
त्या क्षणी मला ते आवडले.
माहीत नसणं इतक्या नीट कुणी समजावलं नव्हतं.

मी पाणी तपासते. बावीस वर्षं.
नायट्रेट, शिसं, क्लोरिन, बाटलीवर तारीख आणि गावाचं नाव.
आता पाचव्या गोळीच्या जोडीला लिथियम.
कॉलेजात तारेच्या टोकावर धरला होता ज्योतीत,
लाल, किरमिजी, सगळ्या पोरी ओरडल्या होत्या.
आता माझ्यात आहे, कुठेही लाल दिसत नाही.
ऐल्सा दर आठवड्याला रक्त काढते,
बाटलीवर तारीख आणि माझं नाव.
शून्य पूर्णांक सहा.
सुंदर आकडा आहे, ती म्हणते, केक झाल्यासारखी.

मिरजेहून मावशी फोनवर हसते,
तू म्हणजे ना, अजब रसायन आहेस बाई!
मी म्हणते, हो.

मग तो फॉर्म, दर वेळी तोच.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस
कशातच रस वाटला नाही?
रस. विचारतात असं, जणू पिळून बघायचा.
मी जवळजवळ रोज वर खूण करते,
हात थरथरतो, तोही गोळीचाच, खूण चौकटीबाहेर जाते.

आज दवाखान्यातून घरी न जाता नदीवर गेले.
का, ते विचारू नका.
टे नदीवर धुकं, समुद्राकडून आलेलं, ओल्या लोकरीच्या वासाचं.
पूल अर्धा दिसतो.
त्याच्या बाजूने पाण्यात जुन्या पुलाचे खुंट,
तो वादळात पडला, गाडीसकट,
सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. खुंट कुणी काढले नाहीत.
नवा पूल त्यांना खेटून उभा आहे.
बहीण म्हणाली, बघ, पडतात पूल.
तो काही म्हणाला नाही.

तेवढ्यात गाडी आली, धुक्यातून एकेक डबा.
चार. पाच. सहा.
सातव्यावर लक्षात आलं की मी मोजतेय,
आणि मोजताना तिथे दुसरं कुणी नव्हतं.
मग लगेच होते दोघेही, आपापल्या जागी.

ही दाद नव्हे.
फार तर मान हलली असेल त्याची, किंचित.
वाराही होता तसा.
सुधन्वाला फोन केला. म्हटलं, सात डबे.
तो म्हणाला, कसले?
मी सांगत बसले.