रिकामा खिळा

ओस्त्रावाच्या इस्पितळात, तळघरात
मेणाच्या वड्या रचल्यात लाकडी खणांतून.
एकेकीत कुणाच्या तरी मूत्रपिंडाचा नखाएवढा तुकडा.
नावं नाहीत, आकडे.
यार्मिला त्यांचे काप काढते
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर पसरते, काचेवर अलगद उचलते.

स्वच्छपेशी म्हणतात या गाठीला.
स्वच्छ कसली!
आतली चरबी अल्कोहोलमध्ये धुऊन गेली,
उरल्या रिकाम्या खोल्या.

आज एकच प्रथिन शोधायचंय, भिंतीबाहेर टांगलेलं.
असेल तिथं तपकिरी उमटेल, करपल्या साखरेसारखं.
बाकी सगळं निळं.

तिचे वडील ओल्द्रिख
खाणीच्या दिवेघरात होते एकतीस वर्षं.
माणूस खिळ्यावरून आपला पितळी बिल्ला काढायचा, दाखवायचा,
हे दिवा द्यायचे.
चेहरा कोण बघतो, म्हणायचे,
पहाटे चारला सगळे एकाच आईचे.
एकदा मेलेल्याचा बिल्ला घेऊन एक जण उतरला
तांब्याच्या तारा चोरायला,
आणि यांनी त्याला म्हटलं, सांभाळून जा रे.
बायकोला कधी सांगितलं नाही हे.
यार्मिलाला सांगितलं, शेवटच्या हिवाळ्यात,
ऑक्सिजनची नळी बाजूला करून.

इथंही तेच.
पहारेकरी पेशी येते, भिंत चाचपते,
बिल्ला हाताला लागतो: आपलाच आहे.
परत फिरते.
किंवा फिरतही नाही, तिथंच उभी राहते दमून.
डॉक्टर व्होंद्राचेक म्हणतात,
दुसऱ्या अवयवांत पहारेकऱ्यांची गर्दी दिसली तर बरं लक्षण,
या गाठीत बहुधा उलटं.
का, हे ते अर्धवटच सांगतात.
त्यांनाही अर्धवटच माहीत आहे.

यार्मिला मोजते. तपकिरी किती टक्के, लिहिते.
शेजारच्या रकान्यात महिने:
चौदा. नऊ. एकतीस. अकरा.
तपकिरी वाढतं तसे आकडे लहान होत जातात.
नेहमी नाही,
पण इतक्या वेळा की हात थंड पडतो.

मग दोनशे बारा.
साठ टक्के. कडेला पहारेकऱ्यांची दाटी.
शस्त्रक्रियेला एकोणीस वर्षं झाली
आणि मृत्यूचा रकाना कोरा.
तिनं काच पुन्हा रंगवली.
तेवढंच तपकिरी.

पत्ता लागला नसेल, डॉक्टर म्हणाले,
गाव सोडून गेला असेल, कळवलं नसेल कुणी.
असेल.

पाळी संपल्यावर रिकामा राहिलेला खिळा
म्हणजे माणूस अजून खाली.
ओल्द्रिख तेवढ्यासाठी घरी जेवायला यायचे नाहीत.
इथं रिकामं म्हणजे वर.

वर, इस्पितळासमोरच्या थांब्यावर कदाचित,
ट्रामला उशीर झाला म्हणून चरफडत,
नाक शिंकरत,
खिशात तिकीट शोधत असलेला.