आक्काताई

वॉर्ड ऑफिसातला पोरगा म्हणाला,
"टोपणनाव नको मावशी, खरं सांगा."
आई म्हणाली, "ह्येच खरं."
त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली.
आक्काताई. म्हणजे थोरली बहीण,
एकदा कानडीतून, एकदा मराठीतून.
आणि ही पाच भावंडांत शेंडेफळ.

आजोबांना एक बहीण होती, दहा वर्षांनी मोठी.
सुभाषनगरात दारातल्या फरशीवर बसून
चपलांच्या वेण्या घालायची,
पायाच्या अंगठ्यात वादी धरून.
ती गेली आणि महिन्याभरात आई जन्मली.
बहिणीचंच नाव ठेवायचं, आजोबा म्हणाले,
आणि गप्प झाले.
नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.
सगळे आक्का म्हणायचे.
आईबाप कधीच गेलेले,
कागलच्या सासराशी येणं-जाणं तुटलेलं.
कानात कुर्र करायला आत्या असते,
तीच नव्हती. शेजारणीनं केलं.
तोंडात होतं तेवढंच नाव कानात गेलं.

वाढत्या अंगाचा परकर शिवतात तसं ते नाव.
नऊ वर्षांची असल्यापासून गंगावेशीत
मिशीला दुधाचा फेस लागलेले पैलवान
ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "या आक्का."
थोरले भाऊ भांडणं घेऊन हिच्याकडंच यायचे.
ही लंगडी अर्ध्यात सोडून
निवाडा करायची.

लग्नात पंचाईत झाली.
बायकोला आक्का म्हणायचं कसं?
तांदळात अंगठीनं वैजयंता लिहिलं.
तिसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला,
वैजयंता कुणीतरी आमटीबरोबर खाल्ली.
अण्णा जन्मभर "ऐकलंस का" म्हणाले,
नाहीतर नुसतं खाकरले.

सीपीआरमध्ये मात्र, शेवटच्या रात्री,
मास्क बाजूला सारून स्पष्ट हाक मारली:
"आक्का."
नर्सनं कागदावर नातं लिहिलं, बहीण.
मी खोडायला उठले.
आई म्हणाली, "आसू दे.
नावानं तर बोलावलं."

काल माळ्यावरनं घागर काढली, तांब्याची.
त्या पहिल्या आक्काची.
मागाहून कधीतरी कागलहून आलेली.
गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलंय,
तेव्हा वाचायचं कुणाला सुचलं नाही.
आता "सौ." उरलंय आणि पुढं एक काना.
मी उजेडात तिरकी धरते.
काशी? ताना? बायना?

"चाळीस वर्सं मीच घासतोय की ही,"
आई म्हणते, "मला लई चकचकीत लागायची."
हातातली चिंच थांबते.
बराच वेळ.
मग कान्याला न लागता
त्याच्या बाजूबाजूनं फिरायला लागते.