छाट

मशीननं आकडा दिला: उणे दोन पॉइंट नऊ.
उणे म्हणजे काय, ते मला समजावू नका.
एकोणचाळीस वर्षं बिडीच्या ब्रँचमध्ये खिडकीशी उभी राहून
मी उण्याचाच हिशेब ऐकला.
पान कमी भरलं, तंबाखू जास्त गेली,
हजारात साठ बिड्या छाट.
मुनीम काट्यावर बोट ठेवायचा, हलकंच,
आणि मला ते बोट दिसायचं.

आता काट्यावर माझी हाडं आहेत.

डॉक्टर निंबर्गी म्हणाले, जपून.
वाकू नका, पिळू नका, घागर तर नकोच,
मणके खडूसारखे झालेत, नुसत्या खोकल्यानंही...
वाक्य त्यांनी तसंच सोडलं टेबलावर,
गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.
रविवारी उपाशीपोटी एक,
मग अर्धा तास पाठ टेकायची नाही.

तरन्नुम, फिजिओची पोरगी, म्हणाली, उचला.
"अक्का, हाडाला काम नाही दिलं
तर त्याला वाटतं आपली गरज संपली."
मी हसले.
माझं कार्ड बंद झालं त्या दिवशी
ब्रँचनं मला हेच सांगितलं होतं, न बोलता.

दोघंही खरं बोलतात, तीच अडचण.
एक जण खोटा असता
तर मी दुपारची झोपले असते निवांत.

शेजारची ईरव्वा
ज्वारीचा डबा ओढायला वाकली.
कट्‌ असा आवाज, तिचा तिलाच आला.
तेव्हापासून दोन बोटं बुटकी झालीय,
साडी पायात येते,
जुन्या निऱ्या पुन्हा नव्यानं बसवते.

आणि माझी नणंद राजमणी.
तिला जपली. सगळ्यांनी जपली.
पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून पलंग,
पाण्याचा तांब्यासुद्धा हातात.
मार्चमध्ये मोरीच्या उंबऱ्याशी
पाय नाही म्हणाला.
खुबा. अठरा दिवस.
खांद्याला चौघे होते,
वजन दोघांचंही नव्हतं.

अशोक चौकात टॉवेलच्या दुकानावर
जिना चढून एक खोली.
मागच्या गल्लीतले माग सहालाच सुरू होतात,
फरशी बारीक थरथरते.
उन्हं तापायच्या आत जाते मी.
भिंतीवर तेल लावलेल्या पोरांची चित्रं,
खाली आम्ही, तीन म्हाताऱ्या, मोजे घालून.

पहिला महिना वजनच नाही.
हात न टेकता खुर्चीतून उठायचं, एवढंच.
मग वाकायला शिकवलं. मला! वाकायला!
"कमरेतून नाही अक्का, खुब्यातून.
पाठ पाटासारखी."
मांडीवर सूप, सुपावर मान,
माझ्या पाठीनं आयुष्यभर एकच आकार पाहिला होता.
तिला पाट म्हणजे काय, ते कळायला
आषाढ उजाडला.

मग दोन किलो. आठवडाभराच्या तंबाखूएवढं.
ते हातात आलं आणि कानात खडू मोडला.
नुसता कानात.

श्रावणात एकदा कळ आली, डावीकडे, विजेसारखी.
नऊ दिवस गेले नाही.
भिंतीकडे तोंड करून मनात दोघांचा पंचनामा केला,
डॉक्टरचा आणि त्या पोरीचा.
एक्स-रे स्वच्छ निघाला. स्नायू होता.
स्नायू! इतकी वर्षं
कुठे लपून बसला होता हा भाडेकरू?
तरन्नुमनं वजन निम्मं केलं,
आणि स्वतः मागे उभी राहिली, हात पसरून,
जणू मी पायऱ्यांवरचं पोर.

वर्षानं पुन्हा तीच मशीन.
उणे दोन पॉइंट नऊ.
मी म्हटलं, झालं, पाणी ओतलं वाळूत.
डॉक्टर कागद उलटसुलट करत म्हणाले,
घसरलं नाही, अक्का.
आणि मग, जरा थांबून: किती उचलता?

पाच, म्हटलं.

उद्या मोडणार नाही असं कुणी लिहून देत नाही.
मीही मागितलं नाही.
छाट बिड्या मुनीम काय फेकायचा थोडाच?
बाजूच्या टोपलीत टाकायचा,
संध्याकाळी त्याही कुणी ना कुणी ओढायचं,
आणि पेटताना त्या वेगळ्या दिसायच्या नाहीत.

काल मोरीत बादली भरली, अर्धीच.
उंबऱ्याशी थांबले.
पाय रुंद, पाठ पाट, श्वास बाहेर.
राजमणी, बघ गं,
असं म्हणून उचलली.