खंदक

दुकानातून राखाडी दगडांचा वॉलपेपर आणला,
सात गुंडाळ्या, सवलतीत.
तो दारात उभा राहून म्हणाला,
"पण किल्ला लाल असतो."

खरंच की.
माल्बोर्कात जन्मलेल्या पोराला किल्ला म्हणजे
नोगातच्या पाण्यात थरथरणारी लाल वीट,
शाळेच्या वाटेवर रोज उजव्या हाताला.
मी ग्दान्स्कचा, गोदीत लोखंड जोडणारा.
मला खेळण्यांच्या खोक्यांवरचे किल्ले तेवढे ठाऊक.

गुंडाळ्या परत केल्या.
आंघोळीचा स्पंज कात्रीने विटेएवढा कापला,
जुन्या ताटलीत लाल रंग ओतला, त्यात चमचाभर तपकिरी,
आणि थापत गेलो.
एक वीट, बोटभर जागा, एक वीट.
याग्ना रात्रपाळीहून यायची,
वाकड्या ओळीवर नुसतं बोट ठेवायची,
आणि बूट काढत काढत झोपून जायची.

बोगुश मला अहो-जाहो करतो.
सात वर्षांचा आहे.
मीठ द्या म्हणतो, उशीर झाला तुम्हाला म्हणतो,
जसा काही मी गॅसचं मीटर वाचायला आलोय
आणि वर्षभर वाचतोच आहे.

पलंगाला प्लायवूडचा तट केला,
तटाला चर्या, चर्यांखाली जंग्या,
त्याच्या मुठीच्या मापाच्या.
दिंडीला उचलता पूल:
दोन बिजागऱ्या, पडद्याची कप्पी, नायलॉनची दोरी.
खाली निळा गालिचा, तो खंदक.
भिंतीवर खडूने एक शिलेदार काढला,
पायापासून डोक्यापर्यंत चिलखतात, हातात भाला.

शिलेदाराकडे तो बराच वेळ बघत राहिला.
"आत कोण आहे?"
मी म्हटलं, तुला हवा तो.
"कोणीच नसेल तर?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं.
त्याच्या वडिलांचं एक हेल्मेट आहे, मोटारसायकलचं,
काळं, काचेवर चरा पडलेला.
कपाटाच्या माथ्यावर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलंय.
कोणी त्याचं नाव काढत नाही,
धूळ पुसताना याग्ना तेवढी जागा सोडते.

शनिवारी मी शिलेदार रंगवायला घेतला.
शिरस्त्राणाची झडप उघडी ठेवली
आणि आतला चेहरा कोरा.
तो केव्हा मागे येऊन उभा राहिला कळलं नाही.
"तुम्ही तिथे स्वतःला काढणार का?"
नाही, म्हटलं.
"बाबांना?"
मला त्यांचा चेहरा येत नाही रे, फोटो पाहिलाय फक्त.
थोडा वेळ काहीच नाही.
मग स्टूल ओढत आणलं त्यानं,
माझ्या हातातला कुंचला घेतला,
आणि दोन डोळे काढले,
एक वर, एक खाली,
आणि त्याखाली मिशी. फारच मोठी मिशी.
याग्नानं सकाळी पाहिली
आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.
"मिशी नव्हती त्याला," एवढंच म्हणाली नंतर,
हसत होती की काय, पाठमोरी होती.

पहिल्या रात्री त्यानं पूल वर ओढून घेतला.
शुभरात्री म्हणायला गेलो तर
जंगीतून एक डोळा.
"परवलीचा शब्द?"
मी तीन सांगितले. तिन्ही चुकले.
मग बसलो खंदकातच, पाय पोटाशी घेऊन.
गालिच्याला अजून गोंदाचा वास होता.
बाहेर पुलावरून गाडी गेली,
लाल भिंतीवर तिचा उजेड सरकला,
मिशीवरून, भाल्यावरून,
माझ्या सगळ्या वाकड्या विटांवरून.

वाटलं, झोपला असेल.
दोरी हलली.
पूल वीतभर खाली आला
आणि अडला.

"ही बिजागरी कुरकुरते," आतून आवाज आला.
"तेल आण."

मी उठलो.
तेल ओट्याखाली असतं, रंगाच्या डब्यामागे.