जे दिसलं तेवढंच

चौकी क्रमांक सात. दुपारचे दोन बावीस.
वारा आडवा, बोचरा, मेंढ्यांचा वास आणणारा.
यॉर्कशरच्या या पठारावर युद्धात विमानं उतरायची म्हणतात;
आता रविवारी प्लंबर, शिक्षक, दातांचे डॉक्टर
पगारातून उरलेले पैसे टायरला लावून
त्याच धावपट्टीवर झिजवायला येतात.

मी झेंडेवाली. सोळा वर्षं झाली.
अहवालाच्या कागदावर वरच छापलेलं असतं:
पाहिलं ते लिहा. मत लिहू नका.

तर पाहिलं ते असं.
निळी, एकतीस नंबर, गार्बट:
उजव्या वळणावर आतल्या बाजूने शिरला.
पांढरी, आठ नंबर, मिस थॅकरे:
आपल्या नेहमीच्या रेषेवरून वळली.
जागा दोघांना हवी होती
आणि ती एकाच गाडीची होती.
आवाज पत्र्याची बादली जिन्यावरून गडगडावी तसा.
मग एक चाक सुटं होऊन गवतातून
घरी निघाल्यासारखं सावकाश गेलं.
कुणाला लागलं नाही, मिस थॅकरेचं मनगट सोडून.
ती म्हणाली, मनगट राहू दे, दार बघा.

नंतर पत्र्याच्या खोलीत, चहाच्या पिंपाशेजारी
दोन कॅमेरे, दोन लॅपटॉप.
त्याच्या काचेतून पाहावं तर तिने मुद्दाम वाट बंद केली.
तिच्या काचेतून पाहावं तर तो आलाच नव्हता,
एकदम होता.
त्याचं नाक तिच्या आरशापाशी पोचलं होतं
की मागच्या चाकापाशीच,
यावर पाऊण तास.
सगळं मिळून वीतभर अंतर,
आणि त्या वितीत माणसाची नियत मोजायची.
टाळीला दोन हात लागतात हे खरं,
पण आधी कुठला हलला
हे विचारायलाच आम्ही बसलेलो असतो.

गार्बट म्हणाला, शर्यतीत असं होतंच.
मिस थॅकरे व्याकरण शिकवते.
म्हणाली, होणं आणि करणं
ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, मिस्टर गार्बट.

सकाळी दोघांनी सही केली होती.
कागद एकच, ओळ एकच:
खेळ धोक्याचा आहे, मला ठाऊक आहे.
बेरजेत हातचा धरावा
तसा अपघात प्रत्येकाने मनात धरलेला असतो.
फक्त तो कुणाच्या घरात मिळवायचा
हे सही करताना कुणी विचारत नाही.

म्हाताऱ्या ऑर्मरॉडला कमी ऐकू येतं,
म्हणून निकाल त्याच्याकडे.
त्याने माझा कागद दोनदा वाचला.
गार्बटच्या परवान्यावर तीन गुण चढले.
उजवं-डावं मी काही केलं नव्हतं.

पण आदल्या फेरीत एक लाल गाडी
कडेच्या खडीत उतरून परत वर आली होती.
वळणावर खडी सांडली. फार नाही, ओंजळभर.
मी पाहिली.
पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा गुडघ्याला टेकून उभा होता.
म्हटलं, पुढच्या फेरीत टायरच झाडून नेतील.
नेलीही असेल.
तो घसरला असेल, किंवा ती,
किंवा दोघांपैकी कुणीच नाही.
काय पाहिलं, एवढंच कागद विचारतो.
काय दाखवलं नाही
याला रकाना नाही.

सगळं आवरल्यावर सातव्या वळणापर्यंत चालत गेले.
मूठभर सापडली. कोटाच्या खिशात टाकली.

परतताना पाहिलं, गार्बटने आपल्या ट्रेलरमधला
सस्पेन्शनचा जादा दांडा काढून
तिच्या ट्रेलरवर ठेवला. बोलला नाही.
तिने किंमत विचारली.
त्याने सांगितली. पै कमी केली नाही.
तिने दुखऱ्या हातानेच मोजून दिले.

मी त्यांच्या बाजूने गेले.
प्रत्येक पावलाला खिसा वाजत होता.
दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.